विषाणूकडून पेशीकडे

सन १९५७. आशिया खंडात फ्लूची नवी साथ उसळली होती. चीन, हाँगकाँग, सिंगापूर अशी मजल मारीत मे महिन्यात तिने भारताचा किनारा गाठला आणि वर्ष संपण्यापूर्वी ती जगभर पसरली. नेमक्या याच वर्षी फ्लूच्या विषाणूवर वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या, या विषयातील जगातील आघाडीच्या तज्ज्ञांत गणना होणाऱ्या एका शास्त्रज्ञाने या विषाणूचा निरोप घेण्याचे ठरविले. मेलबर्न येथील वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूट या संस्थेचे संचालक सर फ्रँक मॅकफर्लेन बर्नेट यांनी संस्थेतील विषाणुसंशोधन आवरते घेऊन सारी संस्था एकाच प्रश्नाच्या मागे लावली. शरीरातील पेशी परक्याला ओळखतात कशा, हा तो प्रश्न.

निर्णय साधा नव्हता. संस्थेचा लौकिक विषाणूंवरील कामामुळे झालेला होता. त्यासाठी लागणारी माणसे, उपकरणे आणि अनुभव तेथे गोळा झालेला होता. काही विषाणुतज्ज्ञांनी दुसरीकडची वाट धरली, काहींनी नव्या विषयाशी जुळवून घेतले. फ्लूच्या विषाणूत आरएनए असते हे दाखविणाऱ्यांपैकी एक असलेले रसायनतज्ज्ञ गॉर्डन एडा यांनी आपले कसब प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाकडे वळविले. बर्नेट स्वतः तेव्हा ५८ वर्षांचे होते. या वयात बहुतेक संशोधक आपल्या जुन्या कामाची राखण करीत बसतात.

फ्रँक मॅकफर्लेन बर्नेट यांचा जन्म ३ सप्टेंबर १८९९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील ट्रॅरॅलगन या लहानशा गावी झाला. वडील स्कॉटलंडहून येऊन स्थायिक झालेले, एका बँकेच्या शाखेचे व्यवस्थापक. सात भावंडांत फ्रँक दुसरा. थोरली बहीण मतिमंद होती आणि आईचा बहुतेक वेळ तिच्या देखभालीत जाई. घरी मित्रांची फारशी ये-जा नसे. मॅक या नावाने ओळखला जाणारा हा मुलगा अबोल आणि एकलकोंडा झाला. पुढे कुटुंब टेरँग या गावी राहावयास गेले, तेव्हा तेथील तळ्याच्या काठी त्याला आपले जग सापडले. ते भुंग्यांचे आणि किड्यांचे होते. भुंगे पकडावेत, त्यांची जातवारी लावावी, त्यांची चित्रे काढावीत, हा छंद त्याला जडला आणि त्यातूनच चार्ल्स डार्विन यांच्या ग्रंथांची ओढ लागली. एकाच जातीच्या असंख्य जीवांत थोडेथोडे फरक असतात आणि परिस्थिती त्यांतून काहींची निवड करते, हा विचार त्या वयात मनात रुजला. पन्नास वर्षांनंतर तो एका अनपेक्षित ठिकाणी उगवून आला.

जिलाँग कॉलेजातून शिष्यवृत्ती मिळवून १९१७ मध्ये बर्नेट मेलबर्न विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासासाठी दाखल झाले. पाठोपाठ १९१८ची जागतिक साथ आली. महाराष्ट्रातील जुन्या पिढीने मानमोडी म्हणून लक्षात ठेवलेली ती हीच साथ. एकट्या हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले. ऑस्ट्रेलियाने बंदरांवर कडक विलगीकरण ठेवून तिला काही काळ रोखले, पण १९१९च्या प्रारंभी ती तेथेही शिरली. या रोगाचे कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. रुग्णांच्या घशात सापडणाऱ्या एका जिवाणूवर त्याचा ठपका ठेवला जात होता आणि वैद्यकाचे विद्यार्थी तेच शिकत होते.

पदवीनंतर बर्नेट यांना मज्जाविकारांचे डॉक्टर व्हावयाचे होते. परंतु रुग्णाच्या उशाशी बसण्यापेक्षा हा तरुण प्रयोगशाळेत अधिक शोभेल, असे रुग्णालयाच्या अधीक्षकांचे मत पडले. त्यांनी त्याला तिकडे वळविले, आणि ते मत अचूक होते असेच म्हणावे लागेल. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर काम करून १९२८ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची पीएचडी मिळविली. याच वर्षी लिंडा ड्रूस यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

ते वर्ष आणखी एका घटनेमुळे महत्त्वाचे ठरले. २७ जानेवारी १९२८ रोजी क्वीन्सलँडमधील बंडाबर्ग या गावी २१ मुलांना घटसर्पाची प्रतिबंधक लस टोचण्यात आली. त्यांपैकी १८ मुले आजारी पडली आणि १२ जणांचा अल्पावधीत मृत्यू झाला. साऱ्या देशाला हादरा बसला आणि लसीकरणाच्या मोहिमेला खीळ बसली. चौकशी आयोगाचे काम हॉल इन्स्टिट्यूटचे तत्कालीन संचालक चार्ल्स केलावे यांच्याकडे आले व त्यातील जिवाणुशास्त्राची बाजू बर्नेट यांनी सांभाळली. लशीच्या बाटलीत जंतुनाशक घातलेले नव्हते. त्याच बाटलीतून पुन्हा पुन्हा लस काढली जात असताना स्टॅफिलोकॉकस हा पू निर्माण करणारा जिवाणू आत शिरला होता आणि उष्ण हवेत वाढला होता. दोष घटसर्पाच्या लशीच्या तत्त्वात नव्हता, ती भरण्याच्या आणि वापरण्याच्या पद्धतीत होता, हे सिद्ध झाले.

त्या जिवाणूच्या विषाचा अभ्यास बर्नेट यांनी चौकशीनंतरही चालू ठेवला. निष्प्रभ केलेले विष सशांना टोचले की त्यांच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारी प्रतिपिंडे तयार होत. पहिल्या मात्रेनंतर ती हळूहळू व बेताची वाढत. दुसऱ्या मात्रेनंतर मात्र ती इतक्या झपाट्याने वाढत की दुपटीवर दुपट होत असल्याचा भास व्हावा. अशा रीतीने काय वाढते, हे जिवाणूंच्या वाढीचे आलेख काढणाऱ्या बर्नेट यांना ठाऊक होते. जिवंत आणि विभाजित होणारी वस्तूच अशी वाढते. म्हणजे प्रतिपिंडांच्या मागे कुठेतरी पेशींची पैदास होत असली पाहिजे. या निरीक्षणाचा अर्थ लावावयास त्यांना पुढे जवळजवळ तीस वर्षे लागली.

१९३२मध्ये बर्नेट पुन्हा लंडनला गेले. हॅम्पस्टेड येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत दोन वर्षे ते काम करीत असतानाच, १९३३मध्ये, त्याच संस्थेतील विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी मानवी फ्लूचा विषाणू प्रथमच वेगळा केला. रुग्णांच्या घशातील पाणी त्यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या नाकात सोडले आणि त्या प्राण्यांना फ्लू झाला. पुढे एक आजारी फेरेट स्मिथ यांच्या तोंडावर शिंकले आणि त्यांना फ्लूने गाठले. माणसाचा रोग प्राण्याला आणि प्राण्याचा परत माणसाला, अशी साखळी पूर्ण झाली.

फेरेट हा महागडा, चावरा आणि सांभाळावयास कठीण प्राणी. बर्नेट यांना त्याऐवजी एक स्वस्त पर्याय सापडला होता, तो म्हणजे कोंबडीचे फलित अंडे. अंड्यात विषाणू वाढविण्याची कल्पना अमेरिकेतील अर्नेस्ट गुडपाश्चर यांची. बर्नेट यांनी तिला अचूक मोजमापाचे साधन बनविले. दहा-अकरा दिवस उबविलेल्या अंड्याच्या कवचाला बारीक भोक पाडावयाचे, आतील पातळ पडद्यावर विषाणूचा थेंब सोडावयाचा, भोक बंद करून अंडे पुन्हा उबेत ठेवावयाचे. काही विषाणूंचे पांढुरके डाग त्या पडद्यावर उठत आणि ते मोजता येत. लंडनमध्ये कायम राहण्याची संधी असतानाही १९३४मध्ये बर्नेट मेलबर्नला परतले. पुढील वर्षी त्यांनी ऑस्ट्रेलियातील फ्लूचा विषाणू वेगळा केला आणि १९४०च्या सुमारास अंड्यातील गर्भाभोवतीच्या द्रवात तो भरपूर वाढविण्याची रीत बसविली. फ्लूच्या लशीचे जगातील बहुतांश उत्पादन आजही अंड्यांतच होते, यावरून त्या रीतीची मातब्बरी कळावी.

दुसऱ्या महायुद्धात मानमोडीची पुनरावृत्ती होईल, या धास्तीने सर्व राष्ट्रांच्या सैन्यांना ग्रासले होते. १९४२मध्ये बर्नेट यांनी अंड्यांत वारंवार वाढवून सौम्य झालेला जिवंत विषाणू लस म्हणून नाकावाटे देण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियन लष्करातील स्वयंसेवकांवर केला. फ्लू नाकावाटे येतो, तर त्याचा अटकावही तेथेच व्हावा, असा त्यांचा रास्त हिशेब होता. पहिल्या छोट्या चाचण्या आशादायक निघाल्या. हजारो सैनिकांना लस देण्यात आली. परंतु साथीच्या वेळी तिचा लाभ दिसून आला नाही आणि योजना सोडून द्यावी लागली. सौम्य विषाणू वापरण्यातील अडचण अशी की तो अति सौम्य झाला तर रुजत नाही आणि पूर्वी फ्लू होऊन गेलेल्यांच्या नाकात तर त्याला उभे राहावयासही जागा मिळत नाही. याच सुमारास अमेरिकेत थॉमस फ्रान्सिस आणि त्यांचे तरुण सहकारी जोनास साल्क मारलेल्या विषाणूची लस दंडात टोचत होते. १९४३मधील चाचणीत ती यशस्वी ठरली. पण १९४७मध्ये विषाणूने रूप पालटले आणि तीही लस कुचकामी झाली.

फ्लूच्या विषाणूचे हे बहुरूपीपण बर्नेट यांनी जितके जवळून पाहिले तितके फार थोड्यांनी पाहिले असेल. अमेरिकेतील जॉर्ज हर्स्ट यांना १९४१मध्ये आढळले की, फ्लूचा विषाणू कोंबडीच्या लाल रक्तपेशींना एकमेकींशी चिकटवतो आणि काही वेळाने त्यांना सोडूनही देतो. या सोडून देण्यामागे विषाणूच्या अंगचे विकर असावे, असा निष्कर्ष बर्नेट यांनी काढला. तसेच कार्य करणारे विकर त्यांना कॉलऱ्याच्या जिवाणूत सापडले. संस्थेतील अल्फ्रेड गॉटशाल्क यांनी त्यामागील रसायनशास्त्र उलगडले. हेच ते न्यूरामिनिडेझ. याच विकराची घडण पाहून पुढे मेलबर्नमध्ये त्याला रोखणाऱ्या औषधाचा शोध सुरू झाला आणि त्यातून १९९९मध्ये झानामिविर हे फ्लूवरील औषध बाजारात आले. दोन वेगळ्या जातींचे फ्लू विषाणू एकत्र वाढविले की त्यांच्या गुणांची सरमिसळ झालेली नवी पिढी जन्मते, हेही बर्नेट यांनी १९५१मध्ये दाखविले. फ्लूच्या विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात हे नंतर कळले, तेव्हा या संकराचा उलगडा झाला. १९५७च्या साथीचा विषाणू असाच घडला होता. त्याने आपले तीन तुकडे पक्ष्यांच्या फ्लूकडून उचलले होते.

१९४४मध्ये संचालकपदी आल्यानंतरही बर्नेट सकाळपासून प्रयोगाच्या टेबलापाशी असत. मोठ्या फौजेपेक्षा एक-दोन साहाय्यक घेऊन स्वतःच्या हाताने काम करणे त्यांना मानवत असे. धाडसही होते. १९५१मध्ये सशांच्या नायनाटासाठी सोडलेल्या मिक्झोमा विषाणूमुळे माणसांत मेंदूज्वर पसरला, अशी अफवा उठली. तेव्हा फ्रँक फेनर व इयन क्लनीज रॉस यांच्यासह बर्नेट यांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झाले नाही आणि अफवा विरली.

त्यांच्या चरित्रातील एक काळा कागद मात्र दडविता येण्यासारखा नाही. १९४७मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्यासाठी तयार केलेल्या गुप्त टिपणात त्यांनी आग्नेय आशियातील दाट लोकवस्तीच्या देशांविरुद्ध रोगजंतूंचा व पीकनाशाचा शस्त्र म्हणून विचार करावा, असे सुचविले होते. ही कागदपत्रे त्यांच्या मृत्यूनंतर, १९९८मध्ये खुली झाली. ती सूचना अमलात आली नाही. तरीही रोगांपासून माणसे वाचविण्यात आयुष्य घालविलेल्या हातांनी ती लिहिली, हे वाचताना आशियाई वाचकाला अस्वस्थ वाटल्यावाचून राहत नाही.

या सगळ्या काळात सशांच्या रक्तातील तो आलेख त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. प्रतिपिंडांविषयीचे तेव्हाचे प्रस्थापित मत वेगळे होते. शरीरात आलेला परका पदार्थ साच्यासारखे काम करतो आणि प्रतिपिंड त्याच्याभोवती आकार घेते, असे लायनस पाउलिंग यांच्यासारखे दिग्गज मानीत. शिंप्याने गिऱ्हाइकाचे माप घ्यावे आणि तसा सदरा शिवून द्यावा, अशी ही कल्पना. पण परका पदार्थ शरीरातून निघून गेल्यानंतरही वर्षानुवर्षे प्रतिपिंडे का तयार होत राहतात? दुसऱ्या वेळी ती अधिक वेगाने आणि अधिक चांगल्या प्रतीची का निघतात? शिवाय हा शिंपी स्वतःच्याच शरीराचे माप का घेत नाही? या प्रश्नांवर ते मत निरुत्तर होते.

शेवटच्या प्रश्नाला बर्नेट यांनी आधी हात घातला. एका वारेतून रक्त मिळालेली जुळी वासरे आयुष्यभर एकमेकांच्या रक्तपेशी अंगात बाळगतात, त्यांना परके मानीत नाहीत, असे अमेरिकेतील रे ओवेन यांना १९४५मध्ये आढळले होते. त्यावरून बर्नेट व फेनर यांनी १९४९च्या पुस्तकात भाकीत केले की, आपले कोण आणि परके कोण हे शरीर गर्भावस्थेत शिकते. त्या काळात आत आलेली परकी वस्तूही पुढे आपलीच ठरते. भाकीत पडताळण्यासाठी बर्नेट यांनी आपल्या हातखंड्याच्या साधनांचा, अंड्यातील गर्भाचा आणि फ्लूच्या विषाणूचा आधार घेतला. प्रयोग फसला. अंड्यातून बाहेर आलेल्या पिलांनी विषाणूला परकेच मानले. १९५३मध्ये इंग्लंडमध्ये पीटर मेडावार, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी उंदरांवरील त्वचारोपणातून तेच भाकीत खरे करून दाखविले. त्यासाठी बर्नेट व मेडावार यांना १९६०चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मात्र नोबेल मिळाले ते काम आपले सर्वश्रेष्ठ नव्हे, असे बर्नेट मानीत. ते स्थान त्यांनी १९५७मधील एका निबंधाला दिले होते. १९५५मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ नील्स येर्ने यांनी असे सुचविले होते की, प्रतिपिंडे आधीपासूनच रक्तात असतात आणि परका पदार्थ त्यांतून जुळणारे निवडतो. बर्नेट यांनी रेणूंच्या जागी पेशी ठेवल्या आणि सारे कोडे सुटले. शरीरात लिम्फोसाइट नावाच्या कोट्यवधी पांढऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवू शकते आणि त्याचा नमुना आपल्या पृष्ठभागावर मिरवते. म्हणजे माप घेणारा शिंपी कोठेच नाही. आहे ते तयार कपड्यांचे एक अफाट दुकान. विषाणू आत येतो, एखाद्या पेशीवरील नमुना त्याला फिट बसतो आणि तीच पेशी विभाजित होऊ लागते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, अशी एका पेशीची हजारो लेकरे होतात आणि ती सारी तेच प्रतिपिंड ओतू लागतात. काम संपल्यावर त्यांपैकी काही मागे उरतात, म्हणून दुसऱ्या वेळी प्रतिसाद जलद येतो. ज्या पेशी स्वतःच्या शरीराशीच जुळतात, त्या बालपणीच नष्ट होतात. ही निवड थेट डार्विनची आहे, फक्त ती जंगलाऐवजी रक्तात चालते. टेरँगच्या तळ्याकाठी भुंग्यांच्या जाती लावणाऱ्या मुलालाच ती सुचावी, यात नवल नाही.

निबंध अवघ्या दोन-तीन पानांचा होता आणि तो ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ सायन्स या परदेशात फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात आला. त्यामागे व्यवहार होता. कल्पना खरी ठरली तर पहिलेपणाचा मान आपला आणि खोटी निघाली तर बाहेर फारसे कोणी पाहणार नाही, असा हिशेब बर्नेट यांनी पुढे स्वतःच कबूल केला. अमेरिकेत डेव्हिड टॅल्मेज यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे अशीच दिशा दाखविली होती.

कल्पनेची कसोटी बर्नेट यांच्याच छपराखाली लागली. गुस्ताव नोसाल हे तरुण डॉक्टर आणि अमेरिकेहून काही काळासाठी आलेले जोशुआ लेडरबर्ग यांनी उंदरांना दोन वेगवेगळ्या सालमोनेला जिवाणूंविरुद्ध सिद्ध केले. नंतर त्यांच्या लसिका ग्रंथींतील एकेक पेशी सूक्ष्म थेंबात वेगळी ठेवली. प्रतिपिंड जिवाणूच्या शेपटीला चिकटले की त्याची पोहण्याची हालचाल थांबते. एका पेशीने एका जातीचे जिवाणू थांबविले, दुसऱ्या जातीचे सोडून दिले. दोन्ही जातींना थांबविणारी पेशी सापडली नाही. एक पेशी, एक प्रतिपिंड. १९५८मध्ये हा पुरावा प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या प्रयोगशाळा मेलबर्नकडे पाहू लागल्या. १९६५मध्ये बर्नेट निवृत्त झाले तेव्हा संस्थेची धुरा अवघ्या ३४ वर्षांच्या नोसाल यांच्याकडे गेली.

विषाणूला दिलेला निरोप खऱ्या अर्थाने निरोप नव्हता, हे आज मागे वळून पाहताना लक्षात येते. फ्लू झाल्यावर शरीरात काय घडते, याचे उत्तर त्या निबंधाच्या आधारानेच देता येते. विषाणू श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींत शिरतो. पहिल्या काही तासांत त्या पेशी इंटरफेरॉन हे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. इंटरफेरॉनचा शोधही १९५७चाच. तो फ्लूचा विषाणू आणि अंड्याचा तोच पातळ पडदा वापरून लावला गेला होता, आणि लावणाऱ्या दोघांपैकी ॲलिक आयझॅक्स हे काही वर्षांपूर्वी मेलबर्नमध्ये बर्नेट यांच्याकडे काम करून गेलेले. तापाची कणकण आणि अंगदुखी यांचा बराचसा दोष विषाणूपेक्षा या सावधगिरीच्या संदेशांकडे जातो.

दरम्यान, अस्तरातील पहारेकरी पेशी विषाणूचे तुकडे जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत वाहून नेतात. हाताला जखम झाली की काखेत येणारे अवधाण म्हणजे याच ग्रंथींची सूज. तेथे लाखो लिम्फोसाइटांतून जुळणाऱ्या मोजक्या पेशींची निवड होते. या पेशींचे दोन मोठे वर्ग आहेत. त्यांची कामाची वाटणी बर्नेट यांच्या निवृत्तीनंतर याच संस्थेत जॅक मिलर आणि ग्रॅहॅम मिचेल यांनी १९६८मध्ये स्पष्ट केली. बी पेशी प्रतिपिंडे बनवितात. ती रक्तात आणि नाकाच्या ओलाव्यात उतरून विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वीच जखडतात. टी पेशींपैकी काही बी पेशींना मदत करतात, तर काही आत विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारतात. ही सारी फौज उभी राहण्यास आठवडाभर लागतो आणि फ्लूचा रुग्ण साधारण तेवढ्याच दिवसांत उठून बसतो.

लस याच निवडीची रंगीत तालीम घडविते. दंडात टोचलेल्या मारलेल्या विषाणूमुळे सुमारे दोन आठवड्यांत रक्तात पुरेशी प्रतिपिंडे येतात. ती मुख्यतः विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाविरुद्ध असतात. विषाणू नेमके तेच प्रथिन सतत बदलत राहतो. म्हणून दरवर्षी लशीची घडण तपासावी लागते. टी पेशी विषाणूच्या आतील, फारशा न बदलणाऱ्या प्रथिनांचे तुकडेही ओळखतात. पण मारलेल्या विषाणूची लस या मारक पेशींना फारसे जागे करीत नाही.

निवडीची आणखी एक खोड आहे. बालपणी पहिल्यांदा भेटलेल्या फ्लूने ज्या पेशींची निवड केली, त्या आयुष्यभर रांगेत पुढे घुसतात. ही गोष्ट थॉमस फ्रान्सिस यांनी १९६०मध्ये मांडली. कधी ती नव्या विषाणूविरुद्धचा प्रतिसाद जुन्याकडे ओढते, कधी वरदान ठरते. २००९मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा पुण्याने त्याची झळ देशात सर्वांत आधी सोसली. भारतातील पहिला मृत्यू त्याच शहरात झाला. त्या साथीत तरुण मोठ्या प्रमाणात आजारी पडले आणि १९५७पूर्वी जन्मलेले वृद्ध तुलनेने बचावले. त्यांच्या पेशींना त्या जातकुळीतील विषाणू पूर्वी भेटलेला होता. त्याच्या वर्षभर आधी, २००८मध्ये, अमेरिकी संशोधकांनी नव्वदी ओलांडलेल्या काही वृद्धांचे रक्त तपासले. १९१८च्या साथीला लहानपणी तोंड दिलेली ही माणसे. त्यांच्या रक्तात त्या विषाणूला जखडणारी प्रतिपिंडे होतीच, शिवाय ती बनविणाऱ्या पेशीही जिवंत होत्या. त्या पेशींच्या वंशाने नव्वद वर्षे ती ओळख जपली होती.

नाकावाटे जिवंत लस देण्याचा बर्नेट यांचा फसलेला प्रयोगही वाया गेला नाही. रशियन व अमेरिकी संशोधकांनी थंड तापमानातच नीट वाढणारे विषाणू तयार केले. असे विषाणू नाकाच्या गारव्यात रुजतात आणि फुप्फुसाच्या उबेत निष्प्रभ होतात. २०१०मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूविरुद्ध नाकात फवारण्याची नॅसोव्हॅक ही लस बाजारात आणली. ती अशाच रशियन मूळ विषाणूवर आधारलेली आणि अंड्यांत वाढविलेली होती.

बर्नेट यांचे सगळे अंदाज खरे ठरले नाहीत. संसर्गजन्य रोगांची सद्दी संपत आली असून या विषयात पुढे फारसे काही घडणार नाही, असे ते उतारवयात लिहीत राहिले. त्यांच्या हयातीतच, १९८१मध्ये एड्सने ते खोटे ठरविले. रेणवीय जीवशास्त्राचा वैद्यकाला विशेष उपयोग होणार नाही, हे त्यांचे मत तर समकालीनांना चांगलेच झोंबले. गंमत अशी की, मोजक्या जनुकांतून कोट्यवधी प्रकारच्या पेशी येतात कोठून, हा त्यांच्या सिद्धांतातील मोठा रिकामा कोपरा त्याच शास्त्राने भरला. लिम्फोसाइट आपल्या जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून प्रत्येक वेळी नवा डाव मांडतात, हे सुसुमु टोनेगावा यांनी १९७६मध्ये दाखवून दिले.

सरदारकी, ऑर्डर ऑफ मेरिट, ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर हा १९६०पासून सुरू झालेला पहिलावहिला किताब, विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद, असे सन्मान येत राहिले. १९७३मध्ये लिंडा यांचे निधन झाले. त्यांना लिम्फोसाइटांचा रक्तकर्करोग झाला होता. एकच पेशी बेलगाम विभाजित होऊन सारे शरीर व्यापते, असा हा आजार. ज्या माणसाने पेशीच्या एका वंशाची वाढ हेच जीवरक्षणाचे रहस्य म्हणून मांडले, त्याला आपल्या पत्नीच्या शरीरात त्याच वाढीचे विकृत रूप पाहावे लागले. त्यानंतर काही काळ बर्नेट आठवड्यातून एकदा दिवंगत लिंडाला पत्र लिहीत. विद्यार्थिदशेत जेथे राहिले त्या ऑर्मंड कॉलेजात ते पुन्हा राहावयास गेले आणि भुंगे गोळा करण्याचा छंद त्यांनी नव्याने सुरू केला. १९७६मध्ये हेझल जेन्किन यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला.

१९८४च्या अखेरीस त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेनंतरही तो पसरला. ३१ ऑगस्ट १९८५ रोजी, ८६वा वाढदिवस तीन दिवसांवर आलेला असताना, पोर्ट फेअरी या समुद्रकाठच्या गावी मुलाच्या घरी त्यांचे निधन झाले. शासकीय इतमामात अंत्यविधी झाला आणि तेथून जवळच टॉवर हिल येथे आजी-आजोबांच्या थडग्यांशेजारी त्यांना पुरण्यात आले.